एकेरी वाट : मिनीडिस्क आणि संगणकातली गाणी

माझ्याकडे सदतीस मिनीडिस्क आहेत. त्यांतल्या छत्तिसांवरची गाणी आज कुठंही मिळतील. सदतिसावीवर माझ्या आत्याच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या आहेत. २००४ च्या मे महिन्यात, राजापूर तालुक्यातल्या आमच्या घराच्या पडवीत, मी त्या ध्वनिमुद्रित केल्या. आत्या २००६ साली गेली. त्या डबीतला आवाज जसाच्या तसा संगणकावर आणायला मला २०२३ साल उजाडलं. आत घालायला काही तास आणि बाहेर काढायला एकोणीस वर्षं, असं का व्हावं, याचा माग काढताना जे हाती लागलं ते इथं मांडतो आहे.

मराठी वाचकांपैकी फार थोड्यांनी मिनीडिस्क हातात धरली असेल. आपल्याकडे कॅसेट होती, मग सीडी आली, आणि तिच्या पाठोपाठ फुटपाथवर 'दीडशे गाणी एका सीडीत' अशा एमपीथ्री सीड्या आल्या. मधली एक पायरी आपण गाळली. जपानमध्ये मात्र त्या पायरीवर लोक दहा-बारा वर्षं बसून होते. २००२ साली पुण्यातल्या अनेक जपानी शिकलेल्या संगणक-अभियंत्यांसारखा मीही कावासाकीत कामाला गेलो, तेव्हा लोकलमध्ये शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या हातात हटकून ती चपटी चौकोनी डबी दिसायची. महिन्याभरात अकिहाबारात जाऊन मीही एक जुनं यंत्र विकत घेतलं.

सोनीने या माध्यमाची घोषणा १९९१ च्या मे महिन्यात केली आणि १ नोव्हेंबर १९९२ रोजी पहिलं यंत्र, एमझेड-१, जपानी बाजारात आणलं. किंमत ७९,८०० येन. चकती ६४ मिलिमीटर व्यासाची, ती कायम प्लॅस्टिकच्या डबीत बंद. डबी ७२ बाय ६८ मिलिमीटर, जाडी ५ मिलिमीटर. काडेपेटीपेक्षा रुंद, पण शर्टाच्या खिशात सहज मावणारी. दुकानातून विकत घेतलेल्या गाण्यांची डिस्क सीडीसारखीच, कोरलेल्या खड्ड्यांची असे. कोऱ्या डिस्कची करामत वेगळी. तिच्यात चुंबकी थर असे. खालून लेझरचा झोत त्या थरावरचा एक अतिसूक्ष्म ठिपका सुमारे १८० अंश सेल्सियसपर्यंत तापवी. त्या तापमानाला ठिपका आपलं चुंबकत्व विसरतो. त्याच क्षणी वरून टेकलेलं चुंबकी डोकं त्याला नवी दिशा देई आणि ठिपका निवला की ती दिशा पक्की होई. वाचताना लेझर मंद ठेवायचा. चुंबकत्वाच्या दिशेप्रमाणे परतणाऱ्या प्रकाशाचं ध्रुवण किंचित वळतं, ते वळण म्हणजेच अक्षर. एकच डिस्क दहा लाख वेळा पुसून लिहिता येईल, असा कंपनीचा दावा होता. एवढा दीर्घायुषी पुसता येणारा कागद तोवर घरगुती संगीताला मिळाला नव्हता.

एवढ्याशा चकतीवर सीडीइतका वेळ मावायचा तर आवाज आटवावा लागणार. सीडीवर दर सेकंदाला सुमारे १४ लाख बिट लागतात. मिनीडिस्कने ते २ लाख ९२ हजारांवर आणले. मोठ्या आवाजाखाली झाकले जाणारे बारीक आवाज कानाला तसेही ऐकू येत नाहीत, मग ते नोंदवायचेच कशाला, असा हा हिशेब. या पद्धतीचं नाव अॅट्रॅक. पुढे ज्या एमपीथ्रीने सगळी दुनिया व्यापली, तिचाही पाया हाच. म्हणजे आटवलेल्या संगीताची सवय लोकांच्या कानांना लावण्यात मिनीडिस्कचा मोठा वाटा होता. ते श्रेय तिला कुणी दिलं नाही ही गोष्ट निराळी.

मला स्वतःला या यंत्रातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते ती तिची अनुक्रमणिका. प्रत्येक डिस्कच्या सुरुवातीला एक छोटी जागा राखलेली असे. कोणतं गाणं कुठून कुठपर्यंत, त्याचं नाव काय, हे तिथं लिहिलेलं. गाणं पुसायचं, दोन तुकडे करायचे, दोन जोडायचे, चौथं पहिल्या जागी न्यायचं, हे सगळं त्या अनुक्रमणिकेत चार आकडे बदलून होई, मूळ आवाजाला हातही न लावता. कॅसेटवर नको असलेलं गाणं पुढे पळवण्यात ज्यांचं तारुण्य गेलं, त्यांना याची गोडी कळेल. या सोयीला एक खोचही होती. ध्वनिमुद्रण थांबवलं की यंत्र काही सेकंद ही अनुक्रमणिका लिहीत बसे. तेवढ्यात वीज गेली तर आवाज चकतीवर असूनही नसल्यासारखा, कारण तो कुठं आहे हे सांगणारं पानच कोरं. राजापूरला पहिल्या संध्याकाळी मी घाईघाईत बॅटरी काढली आणि बारा ओव्या अशाच गमावल्या. चूक सर्वस्वी माझी. आत्याला सांगितलं तर ती म्हणाली, "गेल्या तर गेल्या, उद्या परत म्हणेन. त्या काय संपतात होय रे?"

पण हे पुढचं झालं. मिनीडिस्कवर गाणी चढवण्याचा मूळ मार्ग संगणकातून जात नव्हता. १९९२ साली घरोघरी संगणकात गाणी नव्हतीच. मार्ग होता सीडीचा. जपानमध्ये १९८० पासून रेकॉर्ड भाड्याने देणारी दुकानं निघाली होती, आणि १९८४ साली कायद्याने त्यांना रीतसर चौकटीत बसवलं. विकतची सीडी महाग, भाड्याची स्वस्त. संध्याकाळी सीडी आणायची, रात्री घरच्या यंत्रावर मिनीडिस्कवर उतरवायची, सकाळी परत करायची. अख्ख्या पिढीचा हा परिपाठ झाला. सरकारने त्याचा मोबदलाही ठरवून दिला: १९९३ पासून डिजिटल ध्वनिमुद्रण यंत्रांच्या आणि कोऱ्या डिस्कच्या किमतीतच एक छोटी रक्कम कलावंत आणि हक्कधारकांसाठी धरली जाऊ लागली. अमेरिकेत १९९२ च्या कायद्याने हेच केलं. यंत्रावर २ टक्के, कोऱ्या माध्यमावर ३ टक्के. शिवाय प्रत्येक यंत्रात एक पहारेकरी बसवायची सक्ती केली. सीडीवरून डिजिटल नक्कल करायला तो मुभा देई. त्या नकलेची पुन्हा डिजिटल नक्कल करू पाहिली की वाट अडवी. लेकरू चालेल, नातवंड नाही, असा काहीसा न्याय.

हा पहारेकरी सोसण्यासारखा होता, कारण नक्कल करताना तो वेळ घ्यायला लावत होता. तासाभराची सीडी उतरवायला तास. संगीत कंपन्यांची खरी झोप उडाली ती १९९९ साली, नॅपस्टर आल्यावर. आता गाणं संगणकात फाइल म्हणून राहू लागलं आणि फाइलला वेळ लागत नाही, पिढ्याही लागत नाहीत. त्याआधीच, १९९८ च्या डिसेंबरात, संगीत आणि इलेक्ट्रॉनिक्स कंपन्यांनी मिळून 'सिक्युअर डिजिटल म्युझिक इनिशिएटिव्ह' नावाचा मंच उभारला होता. खिशातल्या यंत्रावर फाइल कशी जावी, किती वेळा जावी, याचे नियम तिथं ठरत होते. सोनी त्या मंचावर होती, आणि ती दोन्ही बाजूंना होती. १९८८ साली तिने सीबीएस रेकॉर्ड्स ही अमेरिकी संगीत कंपनी २ अब्ज डॉलरना विकत घेतली होती. यंत्र विकणारं घर आणि गाणी विकणारं घर एकाच छपराखाली आलं, आणि सासू-सुनेचं सुरू झालं.

इथं एक विरोधाभास नोंदवायला हवा. १७ जानेवारी १९८४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी निकाल दिला होता की, दूरदर्शनवरचा कार्यक्रम नंतर पाहण्यासाठी घरी मुद्रित करणं गुन्हा नाही आणि तसं यंत्र विकणाराही दोषी नाही. त्या खटल्यात स्टुडिओंच्या विरोधात उभी राहिलेली कंपनी सोनीच होती. यंत्र होतं बीटामॅक्स. जगभरच्या सामान्य माणसाला घरी नक्कल करण्याचं बळ ज्या निकालाने दिलं, तो मिळवणारी कंपनी सतरा वर्षांनी स्वतःच्या यंत्राला कुलूप घालायला निघाली. लोभ किंवा ढोंग एवढंच कारण मी मानत नाही. १९८४ साली सीबीएस रेकॉर्ड्स अजून तिच्या मालकीची झालेली नव्हती.

२००१ च्या डिसेंबरात 'नेट एमडी' आली. यंत्राला यूएसबीची तार जोडायची, संगणकावर ओपनएमजी ज्यूकबॉक्स, पुढे सॉनिकस्टेज, हा प्रोग्रॅम उघडायचा आणि गाणी डिस्कवर पाठवायची. ज्या मोडमध्ये सर्वाधिक आटवलेला आवाज जाई, त्यात वेग ऐकण्याच्या बत्तीसपटीपर्यंत जाई आणि ऐंशी मिनिटांच्या डिस्कवर पाच तासांहून जास्त संगीत मावे. ऐकायला हे फार सुटसुटीत वाटतं. प्रत्यक्षात असं होई: संगणकातली एमपीथ्री फाइल सरळ जात नसे. प्रोग्रॅम तिचं आधी अॅट्रॅकमध्ये रूपांतर करी, म्हणजे एकदा आटवलेलं दूध पुन्हा आटवी. मग तिला सांकेतिक कुलूप लावी. मग ती डिस्कवर 'चेक-आउट' होई.

चेक-आउट हा शब्द वाचनालयातला. एक गाणं तीन वेळाच बाहेर जाऊ शके. प्रत्येक वेळी एक चिठ्ठी कमी. डिस्क परत जोडून गाणं 'चेक-इन' केलं की चिठ्ठी परत. तीनही डिस्क मित्रांना वाटल्या असतील तर चौथी करता येत नसे. अशा मार्गाने गेलेलं गाणं यंत्रावर तोडता-जोडताही येत नसे. माझ्या मते ज्या अनुक्रमणिकेत या माध्यमाचं सगळं सौंदर्य होतं, तिच्यावरच शिक्का मारला गेला. पुढच्या आवृत्त्यांमध्ये ही मोजणी ढिली होत गेली, पण पहिल्या दोन-तीन वर्षांत ज्यांनी हा व्यवहार केला, त्यांना आपल्याच गाण्यांचे आपण सभासद आहोत, मालक नाही, ही जाणीव पुरेपूर झाली. मी रविवारी दुपारी बसून माणिक वर्मांची भावगीतं डिस्कवर चढवायचो आणि कोपऱ्यातल्या आकड्याकडे बघायचो. तीन. दोन. एक.

तरीही मी हे आनंदाने करत होतो, हे कबूल करायला हवं. २३ ऑक्टोबर २००१ रोजी आयपॉड जाहीर झाला होता. पाच गिगाबाइट, हजार गाणी, कसलीही चिठ्ठी नाही. माझा एक सहकारी तो घेऊन हिंडायचा. हजार गाणी खिशात घेऊन तो कुठलंच पूर्ण ऐकायचा नाही. मी डिस्क निवडून निघायचो, आणि त्या दिवशी तीच.

आता पडवीतली गोष्ट. मे २००४ मध्ये सुट्टीवर घरी आलो, तेव्हा यंत्र आणि एक छोटा मायक्रोफोन बरोबर होता. आत्या जातं रिकामंच फिरवत बसली, कारण जात्याशिवाय तिला ओवी सुचेना. मोनोमध्ये मुद्रण केलं की डिस्कचा वेळ दुप्पट होतो, म्हणून चौऱ्याहत्तर मिनिटांच्या डिस्कवर मला जवळजवळ अडीच तास मिळाले. मी डिस्क काढून तिच्या तळहातावर ठेवली. तिने झडप सरकवून आतली चकाकती चकती बघितली आणि विचारलं, "ह्या डबीत आता माझा आवाज बसला काय रे?"

बसला होता, आणि उठायला तयार नव्हता. नेट एमडीचा रस्ता एकेरी होता. संगणकातून डिस्कवर यायची सोय, डिस्कवरून संगणकात जायची नाही. माहितीपुस्तिकेत ते स्पष्ट लिहिलेलं होतं, मीच वाचलं नव्हतं. माझी कल्पना अशी की, अडवणूक विकतच्या गाण्यांची असेल. आपण स्वतः मायक्रोफोन धरून केलेल्या मुद्रणाला कोण अडवेल? पण यंत्राला हा फरक कळण्याची सोयच ठेवलेली नव्हती. डिस्कवर जे आहे ते कुणाच्या तरी मालकीचं आहे, हे गृहीत धरूनच दार बसवलेलं होतं. आणि आत ओव्या होत्या. त्यांची मालकी कुणाची? हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायांकडून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यांत त्याच ओळी तालुक्यागणिक रूप पालटून भेटतात. आत्याला तिच्या सासूकडून मिळालेल्या, सासूला कुणाकडून ते सासूही सांगू शकली नसती. चिठ्ठ्या न मोजता पिढ्यान्‌पिढ्या चेक-आउट होत आलेलं हे धन, ते कुलपात अडकलं.

एक पळवाट होती. हेडफोनच्या भोकातून तार काढून संगणकाच्या मायक्रोफोनच्या भोकात घालायची, डिस्क वाजवायची आणि संगणकाने ती नव्याने ऐकून मुद्रित करायची. अडीच तासांची डिस्क, अडीच तास. आत्या गेल्यावर तेराव्याच्या आदल्या रात्री मी तेच केलं. आवाज आला, पण त्याखाली विजेची गुणगुण होती, आणि तिचा वरचा 'सा' जिथं चिरतो तिथं तो बोथट झालेला. त्या वेळी मला ते चाललं. चालवून घ्यावं लागलं.

खुद्द सोनीला ही कोंडी कळत होती. २००४ च्या जानेवारीत 'हाय-एमडी' जाहीर झाली: एका डिस्कवर एक गिगाबाइट, न आटवलेला सीडीच्या तोडीचा आवाज दीड तास, आणि त्या डिस्कवर स्वतः केलेलं मुद्रण संगणकात नेण्याची परवानगी. पण जुन्या पद्धतीने भरलेल्या डिस्कना अजून मज्जाव होता. तो उठला २००६ साली, एमझेड-आरएच१ या यंत्राबरोबर. चौदा वर्षांत भरल्या गेलेल्या डिस्क त्या यंत्रातून, केवळ त्याच यंत्रातून, संगणकात जाऊ लागल्या. ते खिशात घालून फिरायचं शेवटचं मोठं मिनीडिस्क यंत्र ठरलं. दार उघडलं तेव्हा घर रिकामं होत आलं होतं. मी तोवर पुण्याला परतलो होतो, आणि जुन्या बाजारात त्या यंत्राची किंमत चढत गेलेली मी लांबून बघत होतो.

सोनीने २०११ साली एमडी वॉकमन पाठवणं थांबवलं. तोवर जगभरात सुमारे २ कोटी २० लाख विकले गेले होते. मार्च २०१३ नंतर यंत्रांचं उत्पादन संपलं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये कोऱ्या डिस्कचंही.

पण तेवढ्यात एक उलटी गोष्ट घडली होती. जगभरातल्या हौशी तंत्रज्ञांनी नेट एमडीची यूएसबीवरची भाषा उकलून काढली. यंत्र आणि संगणक काय बोलतात ते ओळीओळीने ऐकून, तर्क करून, प्रयोग करून. त्यातून आधी लिनक्सवर चालणारी साधनं निघाली आणि मग थेट ब्राउझरमध्ये चालणारं पान निघालं. आज तार जोडायची, पान उघडायचं, फाइल त्यावर सोडायची. ती डिस्कवर जाते. चिठ्ठी नाही, शिक्का नाही. हवं तर आवाज न आटवता यंत्राकडे पाठवता येतो आणि यंत्र आपल्या मूळ पद्धतीने तो लिहून घेतं. जे काम करायला दोन मोठ्या उद्योगांच्या समितीला जमलं नाही, ते नोकरी सांभाळून रात्री बसणाऱ्या मंडळींनी केलं. पुढे याच मंडळींनी काही यंत्रांच्या अंतर्गत प्रोग्रॅममधल्या फटी शोधून जुन्या साध्या यंत्रांतूनही आवाज बाहेर काढून दाखवला.

डिस्कवर काय काय अडकलेलं असतं याची कल्पना जगाला २०१९ च्या जूनमध्ये आली. रेडिओहेड या ब्रिटिश बँडच्या 'ओके कॉम्प्युटर' अल्बमच्या काळातल्या अठरा मिनीडिस्कचं मुद्रण चोरीला गेलं, दीड लाख डॉलरची खंडणी मागितली गेल्याचं बँडने सांगितलं, आणि खंडणी देण्याऐवजी त्यांनी अठरा तासांचं ते सगळं मुद्रण अठरा पौंडांना स्वतःच खुलं केलं. त्यातलं बरंचसं अर्धवट, चाचपडणारं. पण चाल सापडण्याआधी माणूस कसा गुणगुणतो, ते तिथं आहे.

२०२३ च्या गणपतीत मी माझं जुनं यंत्र काढलं. झाकणाची बिजागरी ढिली झालेली, पण लेझर शाबूत. तार जोडली. सदतिसावी डिस्क आत घातली. आवाज येताना तो वाजत नाही, नुसता आकडा सरकतो, त्यामुळे अडीच तासांचं मुद्रण मी निःशब्द बघत होतो. नंतर हेडफोन लावला. गुणगुण गेली होती. आत्याचा वरचा 'सा' चिरत होता, आणि त्याच्या मागे, २००६ च्या नकलेत कधीच न आलेली, रिकाम्या जात्याच्या पाळूची घासणूक होती. दगडावर दगड. दोनदा तर मधेच कोंबडं आरवलेलं आहे, ते मला आठवतही नव्हतं.

चुलतबहिणीने एक प्रत मागितली. फाइल पाठवता आली असती, पाठवलीही. पण एका कोऱ्या डिस्कवर त्याच ओव्या मी परत चढवल्या, अनुक्रमणिकेत प्रत्येकीला नाव देत. या माध्यमाला देवनागरी येत नाही. रोमन येते, कताकाना येते. कताकानात 'व' लिहायची आडवळणाची सोय आहे, पण यंत्राच्या पट्टीवर घरं मोजून मिळतात, म्हणून मी 'ओवी' ऐवजी 'ओबी' लिहिलं. ओबी म्हणजे जपानी बायकांच्या किमोनोचा कंबरपट्टा. आणि जपानी सीडीला बाहेरून गुंडाळलेल्या कागदी पट्टीलाही तिथं ओबीच म्हणतात. ओबी १, ओबी २, ओबी ३, अशा एकेचाळीस झाल्या. त्या पहिल्या संध्याकाळच्या बारांची जागा मी सोडलेली नाही. आत्याने दुसऱ्या दिवशी त्या परत म्हटल्या होत्या, फक्त कोणत्या त्या, हे मला ओळखता येत नाही.